उधाणाचे भाकीत सांगणाऱ्या प्रणालींची देखभाल कोण करणार?

२६ सप्टेंबर २०२४ रोजी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील ‘अर्का’ आणि नोएडाच्या राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्रातील ‘अरुणिका’ या महासंगणकांचे लोकार्पण झाले. प्रकल्पाचा खर्च सुमारे ८५० कोटी रुपये. त्याच महिन्यात केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘मिशन मौसम’साठी दोन वर्षांकरिता २,००० कोटी रुपये मंजूर केले. विज्ञानप्रेमी वाचकांनी या बातम्यांचे स्वागत केले आणि ते रास्तच होते. मात्र या साऱ्या वृत्तान्तात एक प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. या आणि अशाच इतर यंत्रांवर ज्या संगणकप्रणाली चालतात, त्यांची निगा कोण राखते?

महासंगणक स्वतःहून काहीही भाकीत करत नाही. वर्षानुवर्षे अनेकांनी मिळून लिहिलेली, सुधारलेली आणि ठिगळे लावलेली सॉफ्टवेअर त्यावर चालतात, तेव्हा कुठे भाकीत हाती येते. यंत्राचे उद्घाटन होते, त्याची छायाचित्रे छापून येतात. सॉफ्टवेअरच्या देखभालीचे उद्घाटन होत नाही, म्हणून तिची बातमीही होत नाही. जिची बातमी होत नाही, तिच्यासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र रकाना क्वचितच सापडतो. किनाऱ्यावरील पाणपातळीच्या भाकिताच्या संदर्भात हे दुर्लक्ष विशेष धोक्याचे आहे, असे माझे ठाम मत आहे.

प्रथम या भाकिताचे स्वरूप पाहू. किनाऱ्यावर एखाद्या क्षणी पाणी किती चढेल, हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते. पहिली गोष्ट म्हणजे भरती-ओहोटी. ती चंद्रसूर्यांच्या गतीला बांधलेली असल्याने वर्षभर आधी तक्त्यात छापता येते. दुसरी म्हणजे वादळामुळे पाण्याला येणारा फुगवटा, ज्याला आपण सर्रास ‘स्टॉर्म सर्ज’ म्हणतो. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने घटला की समुद्रपृष्ठ सुमारे एक सेंटिमीटर वर येते. पण खरा घात करतो तो वारा. उथळ किनारपट्टीवर तो पाणी लोटत आणतो आणि खाडीच्या चिंचोळ्या मुखात त्याची रास रचतो. बंगालच्या उपसागराचे उत्तर टोक उथळ आहे आणि नरसाळ्यासारखे निमुळते होत जाते, म्हणून तेथे हा फुगवटा कित्येक मीटर उंची गाठतो.

या दोहोंची बेरीज कोणत्या घटकेला होते, यावर हजारो माणसांचे भवितव्य अवलंबून असते. २६ मे २०२१ रोजी ‘यास’ चक्रीवादळ ओडिशात बालासोरच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. आदल्या वर्षीच्या ‘अंफान’पेक्षा त्याचा वारा मंद होता. पण ती वैशाखी पौर्णिमा होती आणि चंद्रही पृथ्वीजवळ होता. उधाणाच्या भरतीवर वादळाचा फुगवटा चढला. सुंदरबनातील मातीचे बांध जागोजागी ओलांडले गेले आणि दिघ्याच्या रस्त्यांवर समुद्र आला. केवळ वाऱ्याच्या वेगावरून धोका जोखणाऱ्याची त्या दिवशी फसगत झाली असती. भरतीचे गणित आणि वादळाचे गणित एकत्र मांडणारी प्रणाली म्हणूनच लागते.

या प्रणालींनी काय साधले, हे विसरता कामा नये. नोव्हेंबर १९७७ मध्ये आंध्रच्या दिवीसीमा भागात समुद्र आत शिरला आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशाच्या महाचक्रीवादळात पुन्हा जवळपास तितकीच प्राणहानी झाली. जगतसिंहपूर जिल्ह्यातील एरसामा परिसर तर पाण्याने धुऊन नेला. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी ‘फायलिन’ गोपाळपूरजवळ धडकले, तेव्हा मात्र जवळपास दहा लाख लोक आधीच सुरक्षित स्थळी हलवले गेले होते आणि मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. हे श्रेय प्रशासनाचे आहे, निवाऱ्यांचे आहे, गावोगावच्या स्वयंसेवकांचे आहे. त्याचबरोबर ‘अमुक किनाऱ्यावर अमुक वेळी इतके मीटर पाणी’ असे सांगणाऱ्या आकड्यांचेही आहे. कोणते गाव रिकामे करायचे आणि कोणते नाही, हे त्या आकड्यावरून ठरते.

हा आकडा कोठून येतो, याचा इतिहास मोठा रोचक आहे. मुंबईच्या अपोलो बंदरावरील भरतीमापकाची नोंद १८७८ पासूनची आहे, आणि हिंदी महासागरातील सर्वांत दीर्घ नोंदींत तिची गणना होते. भारतीय बंदरांचे भरतीचे तक्ते काढण्यासाठी १८७९ साली लंडनमध्ये पितळी चाके, कप्प्या आणि एक लांब तार असलेले यंत्र घडवण्यात आले. भरतीचे सुमारे वीस घटक त्यात एकेका चाकावर बसवलेले होते. सर्व चाके फिरली की तारेच्या टोकाची लेखणी वर्षभराच्या भरतीची वक्ररेषा काढी. पुढे ते यंत्र देहरादूनला भारतीय सर्वेक्षण विभागाकडे आले. त्या यंत्राला तेल लागे, तार ताणली जाई, चाके झिजत. देखभालीवाचून ते चालणार नाही, हे कोणालाही समजावून सांगावे लागत नसे, कारण झीज डोळ्यांना दिसत होती.

चाकांची जागा पुढे संगणकाने घेतली. १९७७ साली कॅनडातील फोरमन यांनी भरतीच्या विश्लेषणाची फोरट्रान भाषेतील प्रणाली प्रसिद्ध केली. तिच्याच पायावर २००२ मध्ये ‘टी-टाइड’ हे मॅटलॅबमधील साधन उभे राहिले, आणि आज विद्यार्थी पायथनमध्ये जी साधने वापरतात त्यांचे कुळही तेथपर्यंत पोहोचते. वादळी फुगवट्याच्या बाबतीत भारतीय परंपरा जुनी आहे. बंगालच्या उपसागरासाठीचे पी. के. दास यांचे गणिती प्रारूप १९७२ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. नंतर आयआयटी दिल्लीत शिशिरकुमार दुबे, ए. डी. राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेले प्रारूप भारतीय हवामान विभागाने प्रत्यक्ष वापरले. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था ‘ॲडसर्क’ ही प्रणाली वापरते. अमेरिकेत ल्युटिक आणि वेस्टरिंक यांनी १९९०च्या दशकाच्या आरंभी घडवलेली ही प्रणाली समुद्राची त्रिकोणांच्या जाळ्यात विभागणी करते. खोल समुद्रात मोठे त्रिकोण, किनाऱ्याजवळ लहान.

‘ॲडसर्क’च्या फायलींची नावे पाहिली तरी तिचे वय कळते. जाळ्याची फाइल ‘फोर्ट.१४’, नियंत्रणाची ‘फोर्ट.१५’, वाऱ्याची ‘फोर्ट.२२’. जुन्या फोरट्रानमध्ये फाइलला नावाऐवजी क्रमांक असे, त्याचा हा वारसा. यात हसण्यासारखे काही नाही. फोरट्रान आजही हवामानशास्त्राची कामकरी भाषा आहे आणि तीस वर्षे तपासली गेलेली प्रणाली कालच्या नवलाईपेक्षा बहुधा अधिक विश्वासार्ह असते. जुनेपणात दोष नाही. दोष आहे तो एकदा बसवलेली प्रणाली आपोआप बरोबर राहील, या समजुतीत.

पितळी यंत्राची झीज दिसत होती. सॉफ्टवेअरमध्ये एक अक्षरही बदलले नाही तरी ते शिळे होते, कारण त्याच्याभोवतीचे जग बदलते. ते कसे, हे नीट पाहू.

पहिला बदल किनाऱ्याचा. त्रिकोणांचे जाळे म्हणजे एका विशिष्ट वर्षाच्या किनाऱ्याचे चित्र असते. हुगळीच्या मुखाशी गाळ सरकतो, घोडामारा बेट झिजत चालले आहे, ओडिशातील सातभाया गावांची जमीन समुद्राने गिळली. दुसरीकडे माणूस नवी बंदरे बांधतो, लाटरोधक भिंती घालतो, कांदळवने तोडतो किंवा लावतो. दहा वर्षांपूर्वीच्या जाळ्याला यातले काही ठाऊक नसते. जाळे सुधारणे हे रेषा हलवण्याइतके सोपेही नाही. दहा मीटर खोल पाण्यात लांब लाट सेकंदाला सुमारे दहा मीटर वेगाने जाते. तेथे शंभर मीटरचा त्रिकोण बसवला, तर गणनेची पावले साधारण दहा सेकंदांपेक्षा मोठी ठेवता येत नाहीत. एखाद्या नव्या खाडीसाठी जाळे बारीक केले आणि पाऊल तेवढेच ठेवले की गणित भडकते. मग घाईत कोणीतरी घर्षणाचा किंवा श्यानतेचा आकडा वाढवून ते शांत करतो. प्रणाली चालू लागते. उत्तर बरोबर आहे की नाही, हा प्रश्न मागेच राहतो.

दुसरा बदल मोजपट्टीच्या शून्याचा. पाण्याची उंची कशापासून मोजायची? मुंबईच्या वर्तमानपत्रांत पावसाळ्यात ‘साडेचार मीटरची भरती’ असे छापून येते, ते नौकानयनाच्या नकाशावरील शून्यापासूनचे माप असते. सरासरी समुद्रपातळी त्या शून्याच्या सुमारे अडीच मीटर वर आहे. म्हणजे ती भरती सरासरी पातळीच्या वर सुमारे दोन मीटर असते. चेन्नईत हाच फरक मीटरभरापेक्षाही कमी आहे. जमिनीच्या उंचीसाठी देशाने १९०९ साली नऊ बंदरांच्या सरासरी समुद्रपातळीवर आधारलेले शून्य स्वीकारले. त्या नऊ बंदरांत कराचीही होते. उपग्रहाची उंची तिसऱ्याच पृष्ठापासून मोजली जाते आणि आपल्या द्वीपकल्पाभोवती त्या दोन पृष्ठांतील तफावत कित्येक ठिकाणी पन्नास मीटरांहून अधिक भरते. पन्नास मीटरांची चूक कोणाच्याही लक्षात येईल. अर्ध्या मीटरची येणार नाही, आणि घरात पाणी शिरण्यास अर्धा मीटर पुरतो.

हे शून्य एका सकाळीत हलूही शकते. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपाने ग्रेट निकोबारच्या दक्षिण टोकावरील इंदिरा पॉइंट चार मीटरांहून अधिक खचला आणि तेथील दीपगृहाच्या पायथ्याशी समुद्र आला. पोर्ट ब्लेअर सुमारे एक मीटर खाली गेले आणि उत्तर अंदमानाचा काही किनारा वर उचलला गेला. ज्या प्रणालीत जुने नकाशे तसेच राहिले असते, तिची अंदमान-निकोबारची सर्व उत्तरे त्या दिवसापासून चुकली असती. गणित निर्दोष असूनही!

तिसरी गोष्ट वेळेची. हवामानाची आंतरराष्ट्रीय आकडेवारी जागतिक प्रमाणवेळेत येते आणि आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. बहुतेक भारतीय किनाऱ्यांवर एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे बारा तास पंचवीस मिनिटे जातात. म्हणजे भरतीपासून ओहोटीपर्यंत सव्वासहा तासांच्या आत. फायलींच्या साखळीत एका ठिकाणी जरी वेळेचे रूपांतर विसरले, तरी भरतीच्या जागी जवळजवळ ओहोटी उभी राहते. जगातील फार थोड्या देशांच्या घड्याळांत असा अर्ध्या तासाचा वाटा आहे, त्यामुळे परदेशात लिहिलेल्या साधनांत तो नीट हाताळला आहे की नाही, हे आपल्यालाच पाहावे लागते. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतील अंतर दहा मीटरांच्या घरात जाते. तेथे अर्ध्या तासाची चूकदेखील किरकोळ नसते.

चौथी गोष्ट आकाशातली. चंद्राच्या कक्षेचे पात १८.६ वर्षांत एक फेरा पूर्ण करतात. त्यानुसार भरतीच्या मुख्य चांद्र घटकाची उंची सुमारे पावणेचार टक्क्यांनी, तर एका महत्त्वाच्या दैनिक घटकाची सुमारे अकरा टक्क्यांनी कमी-अधिक होते. ही दुरुस्ती कित्येक प्रणालींत तारखेनुसार नव्याने भरावी लागते. कोणी ती एकदा भरून विसरून गेला, तर पहिल्या वर्षी काहीच बिघडत नाही. नऊ वर्षांनी बिघडते, आणि तोवर ती भरणारा माणूस तेथे नसतो.

पाचवा बदल यंत्राचा. नवा महासंगणक येतो, त्याबरोबर नवा कंपायलर येतो. हजारो प्रक्रियकांत काम वाटले जाताना बेरजेचा क्रम बदलतो आणि दशांशाच्या टोकाचे अंक बदलतात. सहसा हा फरक नगण्य असतो. पण पाण्याने जमीन भिजली की कोरडी राहिली, असा ‘होय-नाही’ निर्णय प्रणाली हजारो त्रिकोणांवर करत असते, तेथे टोकाचा अंकही निर्णय उलटवू शकतो. म्हणून नव्या यंत्रावर जुनी वादळे पुन्हा चालवून पाहावी लागतात. या कामाला महिने लागतात. यंत्राच्या खरेदीत ते महिने कितीदा धरलेले असतात?

सहावा बदल माणसांचा, आणि माझ्या मते तोच सर्वांत महाग. एखाद्या खाडीत तळाच्या घर्षणाचा गुणांक ०.००२५ न ठेवता वेगळा का ठेवला, अमुक बंदराचा भरतीमापक कोणत्या महिन्यानंतर विश्वासार्ह नाही, वाऱ्याच्या सूत्रात किनाऱ्याजवळ कोणती दुरुस्ती केली, ही माहिती बहुधा लेखी नसते. ती दोन-तीन व्यक्तींच्या स्मरणात असते. आपल्याकडे संशोधन-प्रकल्पांतील तरुण मंडळी मुदतीच्या नेमणुकीवर असतात. प्रकल्प संपतो, पदवी मिळते, माणूस पुढे जातो. त्याच्याबरोबर ते ज्ञानही जाते. उरते ती प्रणाली, जिला हात लावायला सगळे घाबरतात.

या सहा कारणांत एक समान धागा आहे. यांपैकी बहुतेक चुकांमुळे प्रणाली बंद पडत नाही. बंद पडलेली प्रणाली निदान ओरडून सांगते की काहीतरी बिघडले. खरी भीती आहे ती शांतपणे, सुबक रंगीत नकाशासह दिलेल्या चुकीच्या उत्तराची. त्या नकाशावर विश्वास ठेवून एखादा जिल्हाधिकारी मच्छीमार वस्ती रिकामी करतो किंवा करत नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ अलिबागच्या दक्षिणेस आले, तेव्हा रायगड-रत्नागिरीच्या वाड्यावस्त्यांनी असेच आकडे ऐकून घरे सोडली होती. घर सोडणाऱ्या माणसाला फोरट्रान ठाऊक नसते. त्याच्या वतीने ते कोणीतरी तपासले आहे, एवढाच त्याचा विश्वास असतो.

आता काही आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप असा की, कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे या जुन्या प्रणालींची गरजच संपेल. शिकाऊ प्रारूपे वेगवान आहेत, उपयुक्त आहेत, आणि एकाच वादळाच्या शेकडो संभाव्य मार्गांची चाचपणी करण्यात त्यांचा मोठा हातभार लागेल. वादळाच्या वाटेच्या उजवीकडे वारा पाणी किनाऱ्यावर लोटतो आणि डावीकडे ते समुद्रात ओढतो, त्यामुळे मार्ग पन्नास किलोमीटरने सरकला तरी चित्र पालटते. अशा वेळी वेग मोलाचा असतो. परंतु एका किनाऱ्यावर महाचक्रीवादळ क्वचितच येते. प्रत्यक्ष नोंदी तुटपुंज्या असल्याने शिकाऊ प्रारूपांना बरेचसे शिक्षण जुन्या भौतिक प्रणालींनी निर्माण केलेल्या कृत्रिम वादळांवरूनच द्यावे लागते. गुरूच चुकीचा असेल, तर शिष्य तीच चूक अधिक वेगाने करील.

दुसरा आक्षेप: मूळ प्रणाली परदेशात सांभाळली जाते, आपण नवी आवृत्ती घ्यावी, झाले. परंतु जाळे आपले, खोलीची मापे आपली, भरतीमापक आपले, वादळाच्या मार्गाची माहिती आपल्या हवामान विभागाची आणि इशाऱ्याची भाषाही आपली. मूळ गाभा सोडला तर उरलेली सारी इमारत येथलीच आहे. तिची डागडुजी दुसरे कोणी करणार नाही. शिवाय काही धोके आपल्याच किनाऱ्याचे आहेत. केरळात स्वच्छ आकाशाखाली समुद्र एकाएकी आत येतो, त्याला मल्याळममध्ये ‘कळ्ळक्कडल’ म्हणतात, चोरपावलांनी येणारा समुद्र. हजारो किलोमीटर दूर दक्षिण महासागरात उठलेल्या लाटा त्याला कारण असतात. त्याचे भाकीत करणारी साखळी परकी संस्था आपल्यासाठी नीट ठेवील, ही अपेक्षा कशी धरावी?

तिसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे. वैज्ञानिकांनी संशोधन करावे, देखभाल हे तंत्रज्ञांचे काम आहे, ते कंत्राटाने द्यावे. संकेतस्थळाची आणि सर्व्हरची देखभाल कंत्राटाने देता येईल, आणि द्यावीही. पण ‘हा अर्धा मीटर कोठून आला?’ या प्रश्नाचे उत्तर कंत्राटात लिहिता येत नाही. त्यासाठी समुद्राचे भौतिकशास्त्र आणि प्रणालीची रचना एकाच डोक्यात असावी लागते. ब्रिटनमध्ये २०१२ च्या सुमारास अशा व्यक्तींसाठी ‘रिसर्च सॉफ्टवेअर इंजिनिअर’ हे नाव रुजले आणि पुढे त्यांची स्वतंत्र संघटनाही झाली. आपल्याकडे हेच काम करणाऱ्या व्यक्तीला बढतीच्या वेळी विचारले जाते: आपले शोधनिबंध किती? जुने प्रारूप बिनचूक ठेवल्याबद्दल शोधनिबंध छापला जात नाही. मग हुशार विद्यार्थी दरवेळी नवे प्रारूप लिहिणार आणि जुन्याकडे पाठ फिरवणार, यात नवल ते काय?

यावर उपाय महागडे नाहीत. माझ्या दृष्टीने चार गोष्टी पुरेशा आहेत.

पहिली, जुन्या वादळांचा कसोटी-संच. १९९९ चे महाचक्रीवादळ, ‘फायलिन’, ‘हुदहुद’, ‘अंफान’, ‘तौक्ते’, ‘यास’ अशा निवडक घटनांची सर्व माहिती एका जागी जपावी. प्रणालीत कोणताही बदल झाला की ती वादळे पुन्हा चालवावीत आणि उत्तरे प्रत्यक्ष नोंदींशी ताडून पाहावीत. तोवर तो बदल प्रत्यक्ष इशाऱ्यासाठी वापरू नये.

दुसरी, ताळेबंद जाहीर करणे. चक्रीवादळाच्या मार्गाचा आणि तीव्रतेचा अंदाज किती चुकला, हे भारतीय हवामान विभाग आपल्या अहवालांत मांडतो. ही उत्तम प्रथा आहे. तितक्याच ठळकपणे प्रत्येक बंदरागणिक पाणपातळीचे भाकीत आणि प्रत्यक्ष पातळी शेजारीशेजारी छापली जावी, आणि फरकाचे कारणही सांगितले जावे. चूक लपवल्याने नव्हे, तर मोजल्याने कमी होते.

तिसरी, अंदाजपत्रकात देखभालीचा ठरावीक वाटा आणि कायम पदे. महासंगणकाची किंमत ठरवताना त्यावरील प्रणालींचे स्थलांतर, पडताळणी आणि दस्तऐवज यांचा खर्च त्यातच धरावा. बढतीच्या निकषांत या कामाला शोधनिबंधाच्या बरोबरीचे स्थान द्यावे.

चौथी, खुलेपणा. सरकारी प्रणालींचा स्रोत खुला करून एकत्रितपणे विकास करावा, असे केंद्र सरकारचे २०१५ सालापासूनचे धोरण आहे. पाणपातळीच्या प्रणालींचे जे भाग सुरक्षेच्या दृष्टीने खुले करता येतील, ते विद्यापीठांना द्यावेत. एखाद्या किनारी महाविद्यालयातील विद्यार्थी आपल्या खाडीची खोली मोजून जाळ्यातील चूक दाखवू शकला, तर त्यात संस्थेचा कमीपणा नाही. तो तिचा लाभ आहे.

विद्यार्थी मित्रांनो, हा लेख वाचून कोणी लगेच भरतीशास्त्राकडे वळावे, अशी माझी भाबडी अपेक्षा नाही. पण विज्ञानाची बातमी वाचताना एक सवय अवश्य लावून घ्या. नव्या यंत्राचा वेग वाचलात की त्यावर चालणारी प्रणाली कोणती, ती शेवटची कधी तपासली गेली आणि तिचे भाकीत मागच्या वेळी किती चुकले, हेही विचारा. आणि स्वतः संगणकावर काही लिहीत असाल, तर प्रत्येक गृहीतकाशेजारी दोन ओळी लिहून ठेवा: हा आकडा कोठून घेतला, कोणत्या शून्यापासून मोजला, कोणत्या प्रमाणवेळेत आहे. तुमच्यानंतर त्या खुर्चीवर बसणाऱ्याला वादळाच्या रात्री याच दोन ओळी लागतील.

नवे घडवणे हे विज्ञान आहे, तसेच घडवलेले खरे ठेवणे हेही विज्ञानच आहे. समुद्र दर बारा-साडेबारा तासांनी आपली परीक्षा घेतो आणि उत्तर भरतीमापकावर लिहून जातो. आपण ते नियमाने वाचतो की नाही, एवढाच प्रश्न आहे. पुढचे मोठे वादळ येण्यापूर्वी त्याचे उत्तर ‘होय’ असे देता यावे, यासाठी लागणारा पैसा महासंगणकाच्या किमतीपुढे अगदी थोडा आहे. लागते ती या कामाला काम म्हणून मानण्याची तयारी.